वॉन्स्टेडचा खड्डा आणि मुंबईचा हिशेब

लंडनच्या ईशान्येला, एपिंगच्या जुन्या जंगलाच्या दक्षिण टोकाशी, वॉन्स्टेड नावाचे उपनगर आहे. तेथल्या गोल्फच्या मैदानात गवताने झाकलेला एक मोठा खड्डा आहे. नवख्याला तो मैदानाचाच एक उतार वाटेल. प्रत्यक्षात ती एका प्रासादाच्या तळघरांची जागा आहे. सुमारे शंभर वर्षे येथे वॉन्स्टेड हाऊस उभे होते. पोर्टलंडच्या फिक्या दगडात बांधलेली दोनशे साठ फूट लांबीची दर्शनी बाजू, मधोमध रोमन देवळाची आठवण करून देणारा सहा खांबांचा मुखमंडप आणि समोर अष्टकोनी तळे, असा त्याचा थाट होता. प्राचीन रोमन वास्तूंच्या प्रमाणबद्धतेवर बेतलेली जी 'पॅलेडियन' शैली पुढे इंग्लंडभर सरदारांच्या घरांनी उचलली, तिचा हा अगदी आरंभीचा आणि अतिशय भव्य नमुना. वास्तुकार कॉलेन कॅम्बेल याने १७१५ च्या सुमारास त्याचे आराखडे केले. १८२३ मध्ये हे घर दहा हजार पौंडांना मोडीत निघाले आणि पुढच्या दोन वर्षांत त्याचा दगड न् दगड वाहून नेला गेला. तबेल्यांची इमारत तेवढी राहिली. गोल्फ क्लबाचे कार्यालय आज तिच्यात आहे.

इंग्रजीत ज्याला 'कंट्री हाऊस' म्हणतात त्याला मराठीत नेमका शब्द नाही. वाडा म्हणावा, तर वाडा गावात असतो आणि बाहेरच्या भिंतीमागे स्वतःला झाकून घेतो. गढी म्हणावी, तर तिला बुरूज लागतात. कंट्री हाऊस म्हणजे आपल्या मालकीच्या विस्तीर्ण जमिनीच्या मधोमध, कोणाचा शेजार लागणार नाही अशा बेताने आणि तरीही लांबून दिसावे अशा हेतूने बांधलेले घर. विसाव्या शतकात अशी हजाराहून अधिक घरे पाडली गेली. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयाने त्यांच्या विध्वंसावर एक प्रदर्शन भरवले आणि तेव्हापासून 'हरवलेली घरे' हा इंग्रजी वारसाप्रेमाचा एक स्वतंत्र शोकविषय बनला. वॉन्स्टेड त्या प्रदर्शनाच्या कालखंडाच्या आधीचे, तरीही हरवलेल्या घरांच्या कोणत्याही गणनेत ते वरच्या क्रमांकावर असते. मला पडलेला प्रश्न साधा आहे. अशा घराचा इतिहास लोकांना सांगायचा झाला, तर तो कोठून सुरू करावा? ते पडले तेथून, की ते ज्या पैशातून उभे राहिले तेथून?

आजवर तो बहुतेक वेळा शेवटापासून सांगितला गेला आहे, आणि त्याचे कारण उघड आहे. शेवट अतिशय नाट्यमय आहे. १८०५ मध्ये अकरा वर्षांचा वारस मरण पावला आणि सगळी मिळकत त्याच्या थोरल्या बहिणीकडे, कॅथरिन टिल्नी-लाँग हिच्याकडे आली. ती तेव्हा पुरती सोळा वर्षांचीही नव्हती. इंग्लंडमधली सर्वांत श्रीमंत बिगरसरदार कन्या म्हणून तिचा बोलबाला झाला. पुढे चौथा विल्यम म्हणून गादीवर बसलेला राजपुत्र, क्लॅरेन्सचा ड्यूक, तिला मागणी घालणाऱ्यांत होता. तिने त्याला नाकारून १८१२ मध्ये विल्यम वेलस्ली-पोल या देखण्या, उधळ्या तरुणाशी लग्न केले. त्याने बायकोची दोन्ही आडनावे स्वतःच्या नावाला जोडून घेतली आणि मग मेजवान्या, निवडणुका, घोडे व बायका यांत तिची दौलत दहा वर्षांत उडवली. १८२२ मध्ये तो सावकारांना चुकवून युरोपात पळाला. त्याच वर्षी जूनमध्ये वॉन्स्टेडमधल्या चीजवस्तूंचा लिलाव पुकारला गेला. तो बत्तीस दिवस चालला आणि पडद्यांपासून पुतळ्यांपर्यंत सगळे विकले गेले. जमीन खानदानाच्या करारांत अशी बांधलेली होती की नवऱ्याला तिचा केवळ हयातीपुरता उपभोग होता. तिला हात लावता येत नव्हता, म्हणून दगड विकले गेले. घर उभारायला व बागा करायला तीन लाख साठ हजार पौंड लागले, असे त्या काळी सांगत असत. नॉरिचच्या ठेकेदारांनी ते दहा हजारांना घेतले, आणि अट एकच होती, की ते पाडून जागा मोकळी करायची.

कॅथरिन १८२५ च्या सप्टेंबरात, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी वारली. मुलांचा ताबा बापाला द्यावा की नाही यावर खटला झाला. त्या वेळचे इंग्लंडचे मुख्य न्यायाधिकारी, लॉर्ड चॅन्सेलर एल्डन यांनी १८२७ मध्ये तो नाकारला आणि दुसऱ्या वर्षी उमरावांच्या सभागृहाने तो निकाल कायम केला. मुलांवर बापाचा हक्क जवळजवळ निरपवाद मानला जात होता अशा काळात हा निकाल मोठाच होता. त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पुढे हा गृहस्थ मॉर्निंग्टनचा चौथा अर्ल झाला आणि १८५७ मध्ये लंडनमधल्या भाड्याच्या खोल्यांत, नातलगाने लावून दिलेल्या नेमणुकीवर जगत मेला.

गोष्ट चांगलीच आहे. कोणीही ती रंगवून सांगावी. पण या गोष्टीत घर निष्पाप ठरते, ही माझी तक्रार आहे. एक देवतुल्य बाई, एक नालायक नवरा आणि त्याने घालवलेली एक सुंदर वास्तू अशी मांडणी झाली की ऐकणाऱ्याला असे वाटू लागते की वॉन्स्टेडच्या इतिहासात घडलेला एकमेव अन्याय म्हणजे त्याचे पडणे. पैसा आला कोठून, हा प्रश्न तेथे एखाद्या वाक्यात उरकतो. 'ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारात श्रीमंत झालेल्या जोसाया चाइल्ड याने ही जागा घेतली', असे ते वाक्य असते. संशोधकांनी या वाक्याच्या पलीकडे जाऊन बरेच काम केले आहे. लोकांपर्यंत पोचणारी कथा मात्र अजून त्याच्या अलीकडे घुटमळते. आपण मराठी वाचकांनी तरी त्या वाक्यापाशी थांबायला हवे, कारण त्यात न सांगितलेला बराच भाग मुंबईत घडलेला आहे.

जोसाया चाइल्ड हा लंडनच्या व्यापाऱ्याचा मुलगा. पोर्ट्समथला आरमाराला सामानसुमान पुरवण्याच्या ठेक्यांत त्याने पहिला पैसा केला. १६७३ च्या सुमारास त्याने वॉन्स्टेडची जहागीर विकत घेतली, कंपनीचे भाग गोळा केले, आणि १६८१ मध्ये तो कंपनीचा गव्हर्नर झाला. गव्हर्नर असो वा नसो, पुढची जवळजवळ दहा वर्षे लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरचा कारभार त्याच्याच कलाने चालत होता. मार्च १६८३ मध्ये रोजनिशीकार जॉन एव्हलिन त्याची जागा पाहायला गेला. एव्हलिनला झाडांचे वेड होते, त्यामुळे त्याची नजर नेमकी आहे. त्याने पाहिले ते असे: ओसाड, नापीक माळावर अफाट खर्च करून लावलेली अक्रोडाची झाडे आणि मैलोगणती पसरलेली माशांची तळी. हे अचानक पैसेवाले झालेले लोक नेहमी अशाच जागी जाऊन बसतात, असा शेरा त्याने मारला. चाइल्डची मालमत्ता दोन लाख पौंडांवर गेल्याची बोलवाही त्याने नोंदवली. जुन्या पैशाने नव्या पैशाकडे पाहून नाक मुरडण्याचा हा प्रकार आहे, हे खरे. तरीही त्या टिपणामुळे १६८३ च्या वसंतात वॉन्स्टेडमध्ये पैसा कशावर खर्च होत होता, हे आपल्याला कळते.

त्याच वर्षी त्याच माणसाची कंपनी मुंबईत काय करत होती, हेही कागदोपत्री आहे. राजा दुसरा चार्ल्स याने १६६८ मध्ये मुंबई बेट वर्षाला दहा पौंड खंडावर कंपनीला दिले होते. कंपनीच्या दृष्टीने बेट खर्चाचे होते: दलदल, ताप, तट आणि शिबंदी. काटकसरीचे हुकूम लंडनहून सुटले, शिबंदी आणि तिचा पगार यांत कपात झाली, आणि २७ डिसेंबर १६८३ रोजी मुंबईच्या फौजेचा कप्तान रिचर्ड केग्विन याने उघड बंड केले. त्याने डेप्युटी गव्हर्नर चार्ल्स वॉर्ड याला अटक केली, कंपनीचा अंमल संपल्याचे आणि राजाचा अंमल सुरू झाल्याचे जाहीर केले, आणि जवळजवळ वर्षभर बेट ताब्यात ठेवले. या वर्षभरात त्याने केलेली एक गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांत फारशी येत नाही: कंपनीने टाळलेले काम हाती घेऊन त्याने संभाजीराजांशी तह केला. मोगल आणि जंजिऱ्याचा सिद्दी यांच्याशी मराठ्यांचे युद्ध पेटलेले असताना मुंबईच्या बंदरात सिद्दीच्या आरमाराला थारा द्यायचा की नाही, हा त्या काळातला कळीचा प्रश्न होता. कंपनीने त्यावर वर्षानुवर्षे चालढकल केली होती. केग्विनने बाजू निवडली.

अक्रोडाची झाडे आणि मुंबईच्या शिपायांचा कापलेला पगार यांच्यात मी थेट नाते जोडतो आहे, असे कोणाला वाटेल, तसे नाही. चाइल्डने शिपायांचे पैसे कापून रोपे आणली, असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. मुळात कंपनीचा नफा मुंबईत होतच नव्हता. तो सुरतेच्या, कोरोमंडल किनाऱ्याच्या आणि बंगालच्या सुती कापडातून आणि रेशमातून, मलबारच्या मिरीतून येत होता. पण त्या व्यापाराची जोखीम कोणी उचलायची, हे वॉन्स्टेडचा मालक ज्या खोलीत बसे त्या खोलीत ठरत होते आणि ती जोखीम वारंवार मुंबईच्या माथी मारली जात होती. भागधारकाला लाभांश, शिपायाला कपात, आणि बेटावरच्या कोळी, भंडारी, कुणबी, पारशी व ख्रिस्ती रहिवाशांना जे पुढे आले ते, अशी ती वाटणी होती.

पुढे आले ते युद्ध. १६८६ मध्ये चाइल्डच्या पुढाकाराने कंपनीने औरंगजेबाच्या साम्राज्याशी लढाई आरंभली. व्यापाऱ्यांच्या एका मंडळाने त्या काळच्या जगातल्या अव्वल दर्जाच्या सत्तेशी उघड भांडण काढणे हा आज वाचताना विनोद वाटतो, पण चाइल्ड पुरता गंभीर होता. डिसेंबर १६८७ मध्ये कंपनीच्या संचालकांनी हिंदुस्थानातल्या अधिकाऱ्यांना जे पत्र लिहिले, त्यात मुलकी व लष्करी सत्तेची अशी घडी बसवा आणि असा महसूल उभा करा की हिंदुस्थानात सदासर्वकाळ टिकेल अशा विस्तृत इंग्रजी राज्याचा तो पाया ठरावा, अशी सूचना आहे. प्लासीला अजून सत्तर वर्षे अवकाश होता. साम्राज्य कंपनीच्या अंगावर चुकून येऊन पडले, अशी एक समजूत अजूनही ऐकू येते. ती खोडून काढायला हे एक पत्र पुरेसे आहे.

बंगालमधली मोहीम फसली. पश्चिम किनाऱ्यावर कंपनीचा मुख्य अधिकारी जॉन चाइल्ड होता. आडनाव एकच असले तरी जोसायाशी त्याचे रक्ताचे नाते नव्हते. त्याने मोगलांची व्यापारी जहाजे पकडायला सुरुवात केली. त्याचे उत्तर १६८९ च्या आरंभी आले. सिद्दी याकूतखान मोठी फौज घेऊन शिवडीला उतरला. शिवडीची छोटी गढी फारसा प्रतिकार न करता पडली, माझगावचा किल्लाही गेला, माहीमपर्यंतचा मुलूख सिद्दीच्या हातात आला, आणि इंग्रज बेटाच्या दक्षिण टोकाच्या कोटात कोंडले गेले. त्याच मार्चमध्ये संभाजीराजांची हत्या झाली आणि वर्ष संपण्यापूर्वी रायगड पडला, त्यामुळे त्या वर्षाच्या आपल्या इतिहासात मुंबईच्या वेढ्याला जागा उरत नाही. ते स्वाभाविक आहे. वेढा वर्षाहून अधिक काळ चालला. अखेर कंपनीचे वकील बादशहासमोर माफी मागायला गेले. १६९० च्या फर्मानाने दीड लाख रुपये दंड बसला आणि जॉन चाइल्डला काढून टाकण्याची अट घातली गेली; तो त्याआधीच मुंबईत मरण पावला होता. जूनमध्ये सिद्दीने बेट सोडले आणि जाताजाता माझगावचा किल्ला उद्ध्वस्त केला. मागे राहिले ते उजाड बेट आणि रोगराई.

या सगळ्या काळात जोसाया चाइल्ड वॉन्स्टेडला आणि लंडनला होता. तो हिंदुस्थानात कधीच आला नाही. १६९९ मध्ये तो मेला, तेव्हा त्याची संपत्ती शाबूत होती. वॉन्स्टेडच्या सेंट मेरी चर्चमध्ये त्याचे भले थोरले संगमरवरी स्मारक आहे. त्यात तो रोमन वेशात उभा आहे. लढाईचा हुकूम देणारा आणि लढाई कधीही न पाहिलेला व्यापारी रोमन योद्ध्यासारखा उभा पाहून हसू आवरणे कठीण जाते.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते हलके नाहीत. २०२० च्या सप्टेंबरात ब्रिटनमधली ऐतिहासिक घरे व जागा सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने आपल्या ताब्यातल्या ९३ स्थळांचा वसाहती आणि गुलामगिरी यांच्याशी कसा संबंध होता, याचा अहवाल प्रसिद्ध केला. ब्रिटनमध्ये त्यावर गदारोळ उठला, संसदेत टीका झाली, सभासदत्व सोडण्याच्या धमक्या आल्या. २०२१ च्या मार्चमध्ये तेथल्या धर्मादाय नियामकाने संस्थेने आपल्या उद्देशांबाहेर काही केले नसल्याचे सांगितले, तरी वाद शमला नाही. वॉन्स्टेड ट्रस्टच्या मालकीचे नाही, त्यामुळे त्या यादीत ते असण्याचा प्रश्नच नव्हता. पण टीकाकारांचे मुद्दे येथेही लागू पडतात. बापाने पैसा कसा मिळवला याचा जाब मुलाच्या घराला का विचारायचा, हा पहिला. लोक बागेत फिरायला येतात, त्यांना अपराधगंड कशाला द्यायचा, हा दुसरा. आणि तिसरा, मला सर्वांत वजनदार वाटणारा मुद्दा असा, की कलाकृतीचे मोल तिच्या पैशाच्या उगमावर ठरत नाही.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण त्यातले तत्त्व मला मान्य आहे. कॅम्बेलचा आराखडा थोर होता. यॉर्कशरमधल्या वेंटवर्थ वुडहाऊसची प्रचंड पूर्व बाजू वॉन्स्टेडकडे पाहून बांधली गेली, आणि बाथजवळच्या प्रायर पार्कवरही त्याची छाप आहे. असे घर पाडले गेले याची हळहळ मलाही वाटते. पण या घराच्या बाबतीत पैशाचा उगम आणि शैली या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. घर बांधणारा जोसायाचा मुलगा रिचर्ड याची वाटचाल पाहा. १७१५ मध्ये काम सुरू केले तेव्हा तो सर रिचर्ड चाइल्ड होता. १७१८ मध्ये व्हायकाउंट कॅसलमेन झाला. १७३१ मध्ये अर्ल टिल्नी झाला आणि पाठोपाठ बायकोच्या आजोळचे आडनाव घेऊन 'चाइल्ड' हे नाव त्याने टाकूनच दिले. म्हणजे घर पडण्याच्या नव्वद वर्षे आधीच त्या घराने आपल्या पैशाचे नाव पुसले होते. अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या समाजात 'कंपनीवाल्याचा पोरगा' हे शेलके विशेषण होते. ते धुऊन काढायला दगडी खांब, रोमन प्रमाणबद्धता आणि सरदारकी यांच्यासारखा साबण नव्हता. शैलीचा हा उपयोग सांगितल्याने शैली कमी सुंदर होत नाही. ती कशासाठी निवडली गेली, ते कळते.

विल्यम होगार्थने रंगवलेले वॉन्स्टेडमधल्या एका मेळाव्याचे चित्र आज अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे. १७२८ मध्ये रिचर्ड आणि त्याची बायको यांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने ते सांगितले गेले होते. उंच छताचे दालन, पत्ते खेळणारी मंडळी, मेणबत्त्या लावणारा नोकर आणि एका बाजूला चहाच्या मेजाशी बसलेला घरधनी. चित्रात कंपनीचे नाव कोठेही नाही. पण त्या काळी इंग्लंडमध्ये कायदेशीर मार्गाने येणारा चहा कंपनीच्याच जहाजांतून येत असे. पडलेल्या घराचे आतले रूप आपल्याला ज्या थोड्या पुराव्यांतून दिसते त्यांतल्या या एका पुराव्यात, मालक बसला आहे तो नेमका त्या मेजापाशी. होगार्थला ते सुचवायचे होते, असा माझा दावा नाही. चित्र पाहणाऱ्याने मात्र ते पाहायला हरकत नसावी.

बापाचा जाब मुलाला का, या आक्षेपाला उत्तर आहे ते वारसाहक्काच्या कायद्यातच. वॉन्स्टेडची सगळी कथा, म्हणजे अकरा वर्षांचा वारस, सोळाव्या वर्षी मालकीण झालेली मुलगी, हयातीपुरता हक्क असलेला नवरा, ही एका पिढीकडून पुढच्या पिढीला काय मिळावे याचीच कथा आहे. मिळकत पिढ्यान् पिढ्या चालते हे सर्वांना मान्य असते. तिचा इतिहास मात्र पहिल्या पिढीबरोबर मरावा, अशी अपेक्षा असते. आणि अपराधगंडाचे म्हणाल, तर पूर्व लंडनच्या आजच्या रहिवाशांत ज्यांचे आजे-पणजे गुजरात, बंगाल, पंजाबातून आले अशांची संख्या मोठी आहे. त्यांना या बागेचा उगम सांगणे म्हणजे त्यांना गंड देणे होत नाही. उलट ती बाग काही अंशी आपलीही आहे, हे त्यांना त्यातून कळेल.

येथे वेलस्ली या आडनावाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण मराठी वाचकाच्या मनात ते आधीच वाजले असेल. घर बुडवणारा नवरा हा आर्थर वेलस्लीचा सख्खा पुतण्या. १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला, असई, अडगाव आणि गाविलगड या मोहिमा करणारा आर्थर, आणि त्या काळात गव्हर्नर जनरल असलेला रिचर्ड, हे दोघे त्याचे काका. कंपनीच्या पैशाने आरंभ झालेले घर, कंपनीच्या सरदारांच्या पुतण्याच्या हातून संपले. या योगायोगातून काव्यात्म न्याय काढण्याचा मोह होतो. मी तो टाळतो. पुतण्याला असईशी घेणेदेणे नव्हते, त्याचे कर्तृत्व सर्वस्वी त्याचे स्वतःचे होते. पण त्या आडनावाला १८१२ मध्ये जी झळाळी होती, आणि जिच्यामुळे राजपुत्राला नाकारणारी मुलगी त्याच्याकडे वळली असण्याची शक्यता आहे, तिचा काही भाग तरी दख्खनमधून आला होता.

आता शोकाविषयी. हरवलेल्या घरांचा जो शोक गेल्या पन्नास वर्षांत रुजला, त्याचा रोख मुख्यतः करांवर असतो: १८९४ चा मृत्युकर, दोन महायुद्धे, शेतीतली मंदी, आणि मग जुन्या घराण्यांना घरे सोडावी लागणे. या शोकात एक राजकारण असते आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. मालकी टिकली असती तर सौंदर्य टिकले असते, हे त्यातले गृहीतक. वॉन्स्टेड त्या गृहीतकाला उघडे पाडते. येथे कर नव्हता, युद्धाने घर हिसकावले नव्हते, समाजवादी सरकारही नव्हते. मालकीच्या अनिर्बंध हक्कानेच ते पाडले गेले. घर वाचवू शकेल असा कायदा तेव्हा नव्हता. जुन्या इमारतींना इंग्लंडमध्ये खरे कायदेशीर कवच मिळाले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तेही मालकाच्या मर्जीवर बंधन घालूनच.

घर गेल्यावर त्या जागेचे काय झाले, हेही शोकगीतात येत नाही. जमीन फिरत फिरत अर्ल काउली यांच्याकडे गेली. दरम्यान एपिंगचे जंगल कुंपणांनी गिळले जाऊ नये म्हणून मोठा लढा झाला आणि १८७८ मध्ये कायद्याने ते लोकांसाठी राखले गेले. १८८० मध्ये सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनने वॉन्स्टेडच्या उद्यानाची १८४ एकर जमीन घेतली आणि १८८२ च्या ऑगस्टात ती सर्वांना खुली केली. ज्या तळ्यांकडे पाहून एव्हलिनने नाक मुरडले होते, त्या परिसरातल्या तळ्यांकाठी आज पूर्व लंडनमधली कुटुंबे रविवारी पोरांना घेऊन येतात. माळ ओसाड होता हे त्याचे म्हणणे मात्र खरे निघाले: तेथल्या वाळूखडीच्या जमिनीत पाणी धरून ठेवणे आजही जड जाते, आणि हे उद्यान धोक्यातल्या वारशाच्या सरकारी यादीत आहे. अठराव्या शतकातले छोटे देऊळवजा 'टेम्पल' आणि १८८४ मध्ये जळालेल्या शिंपल्यांच्या गुहेचा सांगाडा एवढे तेथे उभे आहे. प्रासाद टिकला असता, तर हे उद्यान खुले झाले असते का? झाले असते, पण बहुधा तिकीट काढून.

म्हणूनच मला वाटते, की पैशाचा इतिहास सांगायला उभ्या घरांपेक्षा हरवलेली घरे अधिक सोयीची आहेत. उभ्या घराला छप्पर दुरुस्त करायचे असते, देणगीदार सांभाळायचे असतात, कधी कधी मूळ घराण्याचा वंशज अजून वरच्या मजल्यावर राहत असतो. वॉन्स्टेडला यातले काहीही नाही. सांगण्यासारखे आहे, आणि सांगितल्याने कोणाचे बिघडणार नाही, अशी स्थिती वारसा सांभाळणाऱ्यांना क्वचितच मिळते. तरीही देवतुल्य बाई आणि नालायक नवरा यांच्यावरच गोष्ट संपवली, तर तो आळस आहे.

त्या आळसात आपलाही वाटा आहे. सिद्दीने उद्ध्वस्त केलेल्या माझगावच्या किल्ल्याच्या जागी, डॉकयार्ड रोड स्टेशनच्या लगतच्या टेकडीवर, आज जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान आहे. खाली पाण्याची मोठी टाकी, वर हिरवळ, पूर्वेला गोदी आणि समुद्र, पायथ्याशी हार्बर लाइनच्या गाड्या. काका बॅप्टिस्टा हे माझगावचेच, टिळकांचे सहकारी आणि मुंबईचे महापौर. बागेला त्यांचे नाव आहे हे योग्यच. किल्ल्याचा मात्र एक दगडही दिसत नाही. संध्याकाळी तेथे फेऱ्या मारणाऱ्यांपैकी कितीजणांना आपण १६९० च्या पडझडीवर चालत आहोत हे ठाऊक असेल? वॉन्स्टेडच्या बागेतल्या फलकावर माझगावचा उल्लेख असावा अशी मागणी करायची, तर माझगावच्या बागेतल्या फलकावर वॉन्स्टेडचाही असावा. मोठ्या स्मारकाची गरज नाही. १६८३ मध्ये एका ठिकाणी अक्रोड लागत होते आणि दुसऱ्या ठिकाणी पगार कापले जात होते, एवढे दोन ओळींत दोन्हीकडे लिहिता येईल.